जी थर्टीन आणि गॅसचं बटण

माझं लग्न ठरलं तेव्हा बॅगेच्या रंगापासून बॅगेच्या कुलपापर्यंत सगळं इतरांनी ठरवलं. सामान बांधताना एकच गोष्ट मी स्वतःच्या अकलेने केली. गिटार बरोबर घेतली. तसं खास कारण काही नव्हतं. कॉलेजात असताना सहा महिने क्लासला गेले होते, चार कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे झुबके) येत होत्या, आणि मागे ठेवली असती तर धाकट्या भावाने तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले असते. एवढंच. पुढे जे काही झालं त्याला ते न वाळलेले टॉवेल जबाबदार आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी स्वभावाने शांत आहे असं लोक म्हणतात. (मी नाही म्हणत. मी फारसं काही म्हणतच नाही.) त्यातून नोकरी ग्रंथालयात. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसून पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे. आणि सासर मिळालं ते असं, की घरातली चार माणसं एकाच वेळी बोलतात आणि तरीही प्रत्येकाला प्रत्येकाचं कळतं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. इकडची लाइन तिकडे जोडून देणं त्यांच्या हाताच्या सवयीचं. सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. नणंद कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात मला निरखते.

दोन महिन्यांत मी त्या घरात एकूण चाळीसेक वाक्यं बोलले असेन. त्यातली तीस 'हो'.

एका रविवारी बाबा आमच्या खोलीतला दिव्याचा खटका दुरुस्त करत होते आणि मी स्टुलाचा पाय धरून उभी होते. भिंतीला टेकवलेल्या गिटारकडे स्क्रू-ड्रायव्हर रोखून ते म्हणाले, "आमच्या लग्नात गिटारवाला होता, माहितीय?"

"हो?" मी म्हटलं. (एकतिसावा.)

"हॉटेलातला होता. मी गाणं म्हटलं होतं त्या दिवशी. 'कुठेही गेलो तरी, येईन मी घरी.' तर त्यात 'येईन मी' म्हणून मी थांबायचो, आणि मग 'घरी'. त्या थांबायच्या जागी त्या पठ्ठ्याने असं काही वाजवलं... लिफ्ट मजल्याला लागायच्या आधी क्षणभर तरंगते ना, अगदी तसं. पोटात गोळा, पण गोड. आणि तुझी सासू, जी तोवर मान खाली घालून बसली होती, तिने वर बघितलं. माझ्याकडे!"

एवढं बोलून त्यांनी खटका दाबला. दिवा लागला नाही.

"त्यानंतर कितीतरी वेळा म्हटलं मी ते गाणं. तिचा भाऊ साथीला असतो कीबोर्डवर. पण तो तिथे काहीतरी साधंच वाजवतो. ती वर बघतच नाही. भाजी निवडत असते. चाळीस वर्षं झाली." त्यांनी पुन्हा खटका दाबला. "आता वाढदिवसाला शेवटचं म्हणणार. मग बस."

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. जवळच्या कारखान्यातल्या कामगारांचा हॉल ठरला होता, शंभर माणसं येणार होती. मी स्टुलाचा पाय धरल्या धरल्या मनात म्हटलं, ती जागा आपण वाजवायची. कुणाला सांगायचं नाही. दोन महिन्यांत मला या घरात काही करून दाखवायला मिळालं नव्हतं, आणि हे तर न बोलता करता येण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात संगीताच्या कपाटातून गिटारच्या कॉर्डचं एक जाडजूड पुस्तक काढलं. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी नेलं होतं आणि दोन दिवसांत परत केलं होतं. कारण मला लवकरच समजलं.

त्याचं असं आहे. गाणं घरी परतायच्या आधी जी कॉर्ड वाजते तिला डॉमिनंट म्हणतात. ती वाजली की ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे काहीतरी व्हायलाच हवं. दार अर्धवट उघडून कुणी उभं राहिल्यासारखं. मला येणारी जी सेव्हन ही त्यातली साधी, चार सुरांची. पण तिच्यावर माळे चढवता येतात. एकेक सूर सोडून वर जायचं: नववा, अकरावा, तेरावा. आता सूर तर सातच, मग हा नववा आला कुठून? तर तो आपला दुसराच, वरच्या मजल्यावर राहायला गेलेला. (माणसंही वरच्या मजल्यावर गेली की वेगळी वागतात, तसंच.) सगळे माळे चढवले की होते जी थर्टीन. तिच्यात सूर सात. गिटारला तारा सहा. माझ्या डाव्या हाताला दाबायला बोटं चार.

म्हणजे कुणाला तरी घरी ठेवून निघायचं. पुस्तक म्हणत होतं, अकरावा गाळा, कारण त्याचं तिसऱ्याशी पटत नाही. आणि पाचवा बेलाशक गाळा. तो असला काय नसला काय, कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी घरातली माणसं मोजली. सासूबाई, बाबा, नवरा, नणंद, आणि पाचवी मी. पुस्तक मिटून ठेवलं. मग पुन्हा उघडलं, कारण दिवस थोडे होते.

साडेपाचला मी घरी यायची. सहाला बाबा फिरायला जायचे (ते फिरता फिरता इतर इमारतींच्या लिफ्ट तपासतात, फुकट), नवरा दुकानातून येईपर्यंत साडेआठ. सहा ते सात खोलीचं दार लोटून मी जी थर्टीन धरायची. पहिलं बोट जाड तारेवर, दुसरं चौथीवर, तिसरं तिसरीवर, आणि करंगळीने शेवटच्या दोन तारा एकटीने आडव्या दाबायच्या. माझ्या करंगळीने आयुष्यात तोवर चहाच्या कपापासून लांब राहण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पहिले चार दिवस आवाज असा यायचा, जसं कुणी डब्यात खिळे हलवतंय. पाचव्या दिवशी मात्र ती वाजली. खरीखुरी. पोटात गोळा, पण गोड.

मग मी तेवढंच वाजवत राहिले. एक तास. रोज. फक्त ती एक कॉर्ड. पुढची, म्हणजे घरी परतायची सी, मला कॉलेजपासून येत होती. झोपेतही येईल, तिचा सराव काय करायचा? (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

भिंतीपलीकडे काय चाललंय याची मला कल्पना नव्हती. नंतर नणंदेने सगळं सांगितलं.

झालं होतं असं, की रोज सहाला घरात ती अर्धवट दाराची कॉर्ड वाजायची आणि दार काही पूर्ण उघडायचं नाही. सासूबाई चटकन उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि गॅसचं बटण बंद आहे का बघायच्या. बंद असायचं. परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा कॉर्ड. पुन्हा गॅस. एका तासात चौदा वेळा, असं नणंदेने मोजलंय. ती स्वतः दाराची कडी बघून यायची.

"आई, तुला गॅस का आठवतो?"

"मला काय माहीत! ते वाजलं की वाटतं, काहीतरी राहिलंय."

"वहिनीचं राहिलंय काहीतरी. सांगायचं असेल, पण सांगत नाही."

सासूबाई जागच्या जागी थबकल्या म्हणे. "अगंबाई! ती बोलत नाही, म्हणून गिटारवर बोलते होय?"

आठवड्याने तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई वर आल्या. "तुमची सून ते काय वाजवते हो? तेवढा वेळ माझे पेशंट तोंड मिटतच नाहीत. आ वासून वाट बघत बसतात. माझं काम सोपं होतं, पण म्हटलं, पोरगी बरी आहे ना?"

झालं. बाहेरच्या माणसाने विचारलं म्हणजे प्रकरण गंभीर. सासूबाईंनी लाइन जोडायला घेतल्या.

त्या दिवशी जेवायला बसलो तर ताटात पोळी वाढताना सासूबाईंचा हात जरा जास्तच हलका. "तुला इथे काही कमी-जास्त वाटतं का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. नव्या सुनेने उच्चारलेल्या 'काही नाही'इतका घाबरवणारा शब्द मराठीत दुसरा नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खोलीत आल्यावर नवरा पलंगाच्या कडेला ताठ बसला. तो चिडला, प्रेमात आला किंवा घाबरला की डोळे तपासतानाच्या सुरात बोलतो. "हे बघ, घाई करू नकोस. नीट विचार करून सांग. इथे बरं वाटतं," त्याने हवेत काच बदलली, "की माहेरी?"

"इथे."

"पुन्हा बघ. इथे... की माहेरी?"

"अरे, इथेच."

"ठीक. आता मी जवळ असताना बरं... की लांब असताना?"

"आत्ता या क्षणी विचारशील तर लांब," मी म्हटलं. गंमत म्हणून. तीन आठवड्यांतला माझा एकुलता एक विनोद. तो उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दारात माझी आई. हातात रिकामी बॅग.

"रिकामी का आणलीस?" मी विचारलं.

"तुझं सामान भरायला," आई कानात पुटपुटली, पण तिचं पुटपुटणं तळमजल्यापर्यंत जातं. "तुझ्या सासूचा फोन आला. रडत होत्या. 'पोर दुःखात आहे, तुम्ही या' म्हणाल्या. काय झालं? मारतात?"

"आई! काही ना..." मी वेळेवर जीभ चावली. "अगं, सराव करतेय. सरप्राइज आहे. कुणाला बोलू नकोस."

"सराव? कसला?"

मी दार लावून तिला जी थर्टीन वाजवून दाखवली. आईने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली, "पुढे?"

"पुढे काय, पुढे सोपं आहे."

"तू लहानपणी पोहायला शिकलीस तेव्हाही उडीच मारायला शिकली होतीस," आई म्हणाली आणि उठून सासूबाईंना काहीतरी खोटं सांगायला गेली. तिने काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या रात्रीपासून सासूबाई मला दूध देऊ लागल्या.

राहता राहिले मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ. कीबोर्ड त्यांचा, तेव्हा त्यांना कटात घेणं भाग होतं. मामा बंदरावर क्रेन चालवतात. वर केबिनमध्ये बसायचं, खालचा माणूस हाताने खूण करेल तसा दांडा हलवायचा.

"मामा, बाबा 'येईन मी' म्हणून थांबले की तुम्ही हात उचला. ती जागा मी वाजवते. मग मी मान खाली हलवली की तुम्ही पुढे सुरू करा."

"खूण एकच?" मामांनी गंभीरपणे विचारलं.

"एकच."

"मग काळजी नको. एकदा आमच्या साहेबांची टोपी हुकाला अडकून वर गेली होती. खाली सगळे बोंबलत होते. पण माझा खूण करणारा माणूस शिंकत होता. शिंका संपून त्याने खूण करेपर्यंत टोपी वरच. खुणेशिवाय दांडा हलत नाही, सूनबाई."

मला हे ऐकून फार आश्वस्त वाटलं. इतकी मी भाबडी.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पहिल्या रांगेत सासूबाई, शेजारी माझी आई, नणंद, नवरा, डॉक्टरीणबाई. बाबा नवा शर्ट घालून उभे राहिले. मामा कीबोर्डमागे. मी गिटार घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात जाऊन बसले तेव्हा नवऱ्याने घाबरून पाण्याची बाटली घट्ट धरली.

बाबांचा आवाज तसा साधा आहे, पण त्या दिवशी लागला होता. मामा जपून वाजवत होते. सासूबाई मांडीवर रुमालाच्या घड्या घालत होत्या. उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. 'कुठेही गेलो तरी...' माझी बोटं जागेवर बसली. करंगळी आडवी झाली. '...येईन मीऽऽ', आणि बाबा त्या सुरावर थांबले. मामांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलले. मी तारा छेडल्या.

खोटं सांगत नाही, आयुष्यात एवढं सुरेख मी काही केलेलं नाही. जी थर्टीन त्या हॉलच्या छतापर्यंत गेली आणि तिथे तरंगत राहिली. शंभर माणसांचा श्वास अडकला. डॉक्टरीणबाईंच्या मागे बसलेल्या दोघांनी आ वासला. (पेशंट असावेत.)

आणि सासूबाईंनी वर बघितलं.

बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

आता मला फक्त सी वाजवायची होती. सगळ्यात सोपी. झोपेतली. मी बोटांना म्हटलं, चला. बोटं हलली, उठली, आणि मोठ्या सफाईने पुन्हा जी थर्टीनवर जाऊन बसली. तीन आठवडे त्यांनी हेच केलं होतं: जी थर्टीननंतर जी थर्टीन. तिच्यापुढे काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वाजली.

बाबा अजून 'मीऽऽऽ'वर होते. मी घाबरून नाही-नाही अशी मान हलवली, स्वतःशीच. मामांनी ती आडवी मान बघितली आणि हात आणखी वर नेले. मी सी आठवायचा प्रयत्न केला. पहिलं बोट कुठे? दुसऱ्या तारेवर? की तिसऱ्या? पुन्हा जी थर्टीन.

बाबा लाल झाले होते. पण बाबांचं तत्त्व आहे: लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर उडी मारायची नाही. आत उभं राहायचं आणि मजला येईपर्यंत थांबायचं. ते थांबले होते. कपाळावरची शीर मला कोपऱ्यातून दिसत होती.

"दम घ्या हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अगं, पुढचं वाजव!" ही माझी आई.

मी पुढचं वाजवलं. जी थर्टीन.

तेवढ्यात सासूबाई ताडकन उठल्या आणि उजवीकडे चालायला लागल्या. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिकडे हॉलची भिंत आहे. त्या वळल्या, स्टेजकडे बघितलं, बाबांचा जांभळा होत चाललेला चेहरा बघितला, आणि पस्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कमावलेल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुरे झालं! या आता घरी!"

"घरीऽऽ!" बाबांनी सूर सोडला आणि खुर्चीत कोसळले. धसक्याने माझी मान खाली गेली. मामांनी ती खूण पाहून दहाही बोटं सीवर टेकवली. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने उठून बाबांना पाणी पाजलं, आणि उरलेलं स्वतः प्यायला. सगळ्यांना वाटलं, हे असंच बसवलं होतं. दोन-तीन बायकांनी तर मला विचारलं, "सासूबाईंची एंट्री कुणाची कल्पना?"

बाबा घरी येईपर्यंत एकच वाक्य म्हणत होते. "बघितलं तिने! सूनबाई, बघितलं की नाही?"

"हो," मी म्हटलं. आणि त्या 'हो'मध्ये पहिल्यांदाच मला काहीतरी म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आई रिकामीच बॅग घेऊन परत गेली. नवरा उशीसकट खोलीत आला आणि म्हणाला, "आता स्पष्ट दिसतंय." दुपारी सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात दोघीच होतो. माझ्याने राहवेना.

"आई, तुम्ही काल वर बघितलंत ना, ते... लग्नातलं आठवून?"

त्यांनी आधी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मला वाटलं, गॅस राहिला."

मी हातातला डबा ओट्यावर ठेवला.

"आणि चाळीस वर्षांपूर्वी?"

"तेव्हा मला वाटलं, त्या गिटारवाल्याचं चुकलं. म्हणून बघितलं, कोण आहे हा. तर मधे हे उभे. आणि इतके खूश झाले, की म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या, परवा करता करता राहूनच गेलं." त्यांनी सवयीने गॅसचं बटण चाचपलं. "आता एकदा बघितल्यावर मी ह्यांच्याकडे बघतच राहिले, ती गोष्ट वेगळी. ह्यांना बोलू नकोस हं."

"नाही बोलणार."

"तुझ्यावर भरवसा आहे माझा. तू बोलतच नाहीस." मग म्हणाल्या, "पण ते दुसरं, सोपं, तेवढं बसव बाई. ते लागल्याशिवाय माझा गॅस बंद होत नाही."

तेव्हापासून मी रोज सहा ते सात फक्त सी वाजवते. घर एकदम निवांत झालंय. सासूबाई जागच्या उठत नाहीत, नणंदेला पुस्तकावरच डुलकी लागते, मला वाटू लागलं होतं की माझ्या हाताला खरंच गुण आहे.

काल डॉक्टरीणबाई पुन्हा वर आल्या. "ऐक ना, तुला दुखवायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "पण हल्ली तू जे काही वाजवतेस ना, ते सुरू झालं की माझे पेशंट 'झालं' म्हणून तोंड मिटतात आणि उठून घरी जातात. ते आधीचं चुकीचं वाजवायचीस, ते फार छान होतं गं."